बट्टा टाकणारा हात

आमच्या गल्लीत क्रिकेट खेळताना मी बॉल हातात घेतला की पोरं आधीच ओरडायची, "बट्टा! बट्टा!" कोपरातून हात वाकवून फेकलेला बॉल म्हणजे बट्टा, आणि तो चालत नाही. माझा हात काही केल्या सरळ राहायचा नाही. बॉल मात्र सुसाट जायचा, आणि पोरांचं खरं दुखणं तेच होतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

कॉलेजात खेळाच्या सरांनी मला एकदा फेकताना पाहिलं आणि म्हणाले, "हात ठीक आहे तुझा. खेळ चुकलाय." त्यांनी मला बेसबॉलच्या संघात घेतलं. तिथे पिचरने कोपर वाकवूनच बॉल फेकायचा असतो. मी कॉलेजची पिचर झाले, मग विद्यापीठाची. घरी त्या खेळातलं कुणाला ओ की ठो कळत नव्हतं, पण पेपरात फोटो आला तेव्हा आई तो शेजारीपाजारी दाखवत फिरली. शेवटच्या वर्षी खांदा दुखावला आणि फेकणं संपलं. फार वाईट वाटलं होतं.

आता मी इथे आखातात, मुशैरिबमधल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते आणि शुक्रवारी सकाळी, ऊन तापायच्या आत, अल गराफातल्या एका मैदानावर आपल्या लोकांच्या मुलांना बेसबॉल शिकवते. फेकता येत नाही, म्हणून बॉल झेलायचा जाड ग्लव्ह घालून समोर उकिडवी बसते.

गेल्या हिवाळ्यात मुऐदरहून एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. माणसं मूळची रत्नागिरीची. मुलीला शाळेच्या क्रिकेट टीममधून काढलं होतं. कारण मला विचारावं लागलं नाही.

"दोन दिस धड जेवली नाय ओ ही," आई म्हणाली. "तुमीच बघा कायतरी, ताई."

मुलगी खाली बघत पुटपुटली, "माय आर्म इज राँग." तिला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच.

माझं डोकंच फिरलं. हिला पिचर करायचीच, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

पण पोरगी हात काठीसारखा ताठ ठेवून फेकायची. बॉल माझ्या डोक्यावरून जायचा. मी ओरडून पाहिलं, गोडीगुलाबीने घेतलं. मी हट्टी, तर ती माझ्याहून वरताण. हळूहळू आम्ही दोघीच असलो की हात वाकायला लागला. कुणी बघतंय असं वाटलं की पुन्हा काठी.

मग एकदा मुलांचे दोन गट करून मॅच ठेवली. अंपायर होते एका मुलाचे बाबा. जन्मभर त्यांनी टेनिस बॉल क्रिकेटचंच अंपायरिंग केलेलं. ही फेकायला उभी राहिली. "वाकव! यल्ला, चल!" मी ओरडले, आणि तिने खरंच वाकवला. बॉल सणसणत आला, समोरच्या मुलाची बॅट हवेत फिरली. त्याच क्षणी बाबांचा हात आडवा झाला. "नो बॉल! बट्टा आहे!"

सगळे हसले. बाबांनी जीभ चावली. "सॉरी, सॉरी. सवय हो! स्ट्राइक, स्ट्राइक." पण मुलगी वळून आईकडे चालू लागली होती.

मी त्यांच्यावर ओरडणार होते. मग वाटलं, आत्ता बोलले तर ही कायमची जाईल. मी पुन्हा खाली बसले आणि ग्लव्ह होता तिथेच धरला. मांड्यांना कळ लागली, तरी हलले नाही. तिने मागे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग परत आली.

पुढचा बॉल लागला तेव्हा ग्लव्हच्या आत माझा तळवा भाजला. त्याच्या पुढचाही तसाच. तीनदा बॅट हुकली की खेळाडू बाद, तसा तो मुलगा बाद झाला.

मुलगी सरळ अंपायरकडे बघून म्हणाली, "अंकल, बट्टा होता ना?" तिच्या तोंडून मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"होता की!" बाबा म्हणाले. "आणि गडी आउट."

माझे डोळे भरून आले होते आणि बॉल ग्लव्हमध्ये तसाच होता. ती कमरेवर हात ठेवून ओरडली, "आंटी, बॉल द्या ना!"