कुंपणापलीकडचा पिवळा होस्टा

ऊर्मिला दामल्यांचा फुकटच्या सल्ल्यावर कधीच विश्वास नव्हता. जर्मनीत वोल्फ्सबुर्गला घर घेतलं, तेव्हा शेजारचे ब्रांट कुंपणावरून म्हणाले, “सावलीत होस्टा लावा, पण निळसर, जाड पानांचा. पिवळ्याची पातळ पानं गोगलगायी फस्त करतात.”

मग यांनी स्वतः पिवळाच का लावलाय? ऊर्मिलाताईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी हट्टाने पिवळीच रोपं आणली.

जूनपर्यंत पानांची पार चाळण झाली. ब्रांटांचा होस्टा मात्र टवटवीत!

“मी रोज सकाळी गोगलगायी वेचतो,” ते म्हणाले. “यंदा एकही नाही. सगळ्या तुमच्याकडे आल्या वाटतं.”

ऊर्मिलाताई तणतणत घरात आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, पक्का लबाड आहे तो! मी ऐकणार नाही हे ओळखूनच त्याने खरं सांगितलं!”