बाटलीतलं पाणी

ताईच्या लेकीनं, सईनं, नुकत्याच कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या आहेत. आज सकाळी ती लेन्स स्वच्छ करत होती आणि मी बघत बसले होते. हात धुऊन तिनं कोरडे केले, लेन्स तळहातावर ठेवली आणि सोल्यूशनचे थेंब टाकून बोटानं हलकेच चोळली. किती जपून!

कॉलेजात मीही लेन्स अशाच जपायची. तरी एकदा डोळा लालभडक झाला, बुबुळावर जखम झाली. "पाण्यानं धुतल्या असणार," डॉक्टर रागावले. मी नाही-नाही म्हणत राहिले. शेजारी बसलेली ताई म्हणाली, "निष्काळजीच आहे ती." घरात माझी तीच ओळख झाली आणि हळूहळू मलाही पटली. अजूनही कुलूप लावून मी चार पावलांवरून परत येते, ओढून बघते.

"नळाचं पाणी लावू नकोस हं," ताई सईला सांगत होती. "मावशीचा डोळा गेला असता त्यानं. तिचं सोल्यूशन मी माझ्या लेन्सना वापरून संपवलं होतं, चिडेल म्हणून बाटलीत पाणी भरून ठेवलं." आणि ती हसली, जुनी गंमत सांगावी तशी.

आपण स्वतःला जसं ओळखतो, त्यातलं किती दुसऱ्या कुणी आपल्या सोयीनं सांगितलेलं असतं?

सईचा हात थांबला. "मावशी, तुला माहीत होतं?"

"हो," मी खोटंच सांगितलं. पोरीसमोर दुसरं काही सुचेना.

ताईचं हसू मावळलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मला मात्र तिच्याकडे बघवेना.