नलूताईंची काळी चकती

बोर्लीच्या बाजारात नलूताईंची रक्त तपासायची खोली आहे. बावीस वर्षांत त्यांची नजर आणि जीभ, दोन्ही तिखट झाल्यात. भाताची लावणी आटोपली की त्या येणाऱ्या प्रत्येकाचे डोळे आधी बघतात, कारण ज्या पाण्यात उंदीर मुततात त्यातच माणसं अनवाणी उभी असतात आणि त्यातले जंतू अंगात शिरतात.

गेल्या वर्षी ठमी नवऱ्याला, चांगदेवला, घेऊन आली. डोळे हळदीसारखे, पोटऱ्या धरलेल्या. अंगावर काविळीची माळ. आमच्याकडे ही माळ डोक्यावर ठेवतात. ती लांबत लांबत पायाशी उतरली की कावीळ गेली म्हणायचं. चार दिवसांत माळ छातीवर आली म्हणून ठमी खुशीत होती. दिरानं हट्ट धरला म्हणून फक्त रक्त द्यायला आलेली.

ताईंनी सूक्ष्मदर्शकात काळी चकती बसवली. चकती मधला उजेड अडवते आणि फक्त कडेचा तिरका उजेड थेंबावर पडतो. तो सरळ डोळ्यात येत नाही, म्हणून सगळं काळंकुट्ट दिसतं. थेंबात जे काही असेल तेवढंच चमकतं. कवडशात धूळ दिसते ना, तसं. एरवी हे जंतू इतके बारीक की दिसतच नाहीत.

दिसले. चंदेरी, टोकाला वाकलेले. रक्तातले तंतूही असेच चमकून भल्याभल्यांना फसवतात, म्हणून ताईंनी दुसरा थेंब घेतला. तंतू नुसते वाहतात. हे स्वतःभोवती गरगरत होते. पक्का रिपोर्ट अलिबागचाच, पण तोवर थांबणं म्हणजे जीव घालवणं.

आत्ताच अलिबागच्या मोठ्या दवाखान्यात ने म्हटलं, तर ठमी ऐकेना. माळ पुरी उतरायच्या आत दुसरं औषध चालत नाही म्हणे. ताई ओरडल्या, मग हात जोडले. रडकुंडीला आलेल्या ताईंनी शेवटी तिचं डोकं धरून भिंगावर टेकवलं.

"जित्ती हायत व्हय ही?"

"जिवंत आहेत. तुझ्या नवऱ्याच्या रक्तात."

ठमीनं स्वतःच्या हातानं माळ तोडली. दिघीच्या जेट्टीवर बोटीची वाट बघण्यात अर्धा तास गेला. अलिबागला पोचेपर्यंत चांगदेवची लघवी बंद झाली होती. चौथ्या दिवशी तो गेला.

तेराव्यानंतर ठमी खोलीत येऊन बसली.

"ताई, पयल्या दिशीच आनला असता तर?"

"तरी गेलाच असता गं," नलूताई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी बहुतेक साध्या गोळ्यांवर भागलं असतं.