चिक्कूताईंचा आखडता अ‍ॅरे

ऑफिसात सगळे त्यांना चिक्कूताई म्हणत, अगदी तोंडावर. रुग्णाच्या उशाशी असतो त्या मॉनिटरच्या आतला प्रोग्राम त्या लिहायच्या, आणि एवढ्याशा यंत्रात मेमरीचा कणही वाया गेलेला त्यांना खपत नसे. नाडीच्या नोंदींचा अ‍ॅरे, म्हणजे ओळीनं मांडलेले आकडे, नोंदी वाढल्या की ऐसपैस पसरायचा. रुग्ण घरी गेला की ताई त्याला आखडायला लावून उरलेली जागा परत घ्यायच्या.

एके दिवशी इस्पितळातून फोन आला. नुकत्याच दाखल झालेल्या बाळाची नाडी पडद्यावर ठणठणीत दिसत होती आणि बाळ निळं पडत होतं. सिस्टरनं पडदा सोडून बाळाच्या दंडावरची नाडी चाचपली, म्हणून ते वाचलं.

दोन दिवस ताईंनी कोड पिंजून काढला तेव्हा चूक सापडली. आखडताना अ‍ॅरे कधीकधी जागच्या जागी राहत नाही, नव्या जागी बिऱ्हाड हलवतो. पडदा रंगवणारा भाग जुन्याच पत्त्यावर जाऊन आधीच्या रुग्णाचे शिळे आकडे दाखवत बसला होता.

"आखडणंच बंद करून टाका की," साहेब म्हणाले.

"मग चार दिवसांत मेमरी तुडुंब भरेल आणि यंत्र बंद पडेल."

"लिहिलं कुणी होतं हे?"

"मीच. नऊ वर्षं झाली."

साहेब घुटमळले. "अहवालात तांत्रिक बिघाड म्हणू."

"नको. माझं नाव घाला."

मग त्यांनी तो भाग मुळापासून लिहिला. प्रोग्रामच्या कुठल्याच भागानं पत्ता जवळ बाळगायचा नाही, फक्त कितवा आकडा हवा ते अ‍ॅरेला सांगायचं. नवी जागा मिळाल्याची खात्री झाल्याशिवाय जुनी हातची सोडायची नाही. मिळाली नाही, तर अ‍ॅरे आहे तसाच राहू द्यायचा. शंभर वेळा आखडून, शंभर वेळा पसरून त्यांनी तो तपासला.

नवा प्रोग्राम बसवायला त्या स्वतः गेल्या. आधी सिस्टरसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चूक माझी होती, बाई."

सिस्टरनं त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "आता बरोबर आहे?"

"माझ्या परीनं, हो."

"मग थांबा इथंच. माझ्या हाताशी ताडून बघू."

संध्याकाळपर्यंत सिस्टर दर तासाला प्रत्येक बाळाची नाडी मोजून मोठ्यानं आकडा सांगत राहिली, आणि ताई पडद्यावरचा वाचत राहिल्या.