अडीच मार्क

ही गोष्ट मी अजून कुणाच्याच कानावर घातलेली नाही. नवऱ्याच्या नाही, स्टाफरूममध्ये रोज माझ्या डब्यातलं खाणाऱ्या मैत्रिणीच्याही नाही. आम्ही गिरगावातले कॅथलिक. नाताळ आणि ईस्टरच्या आधी फादरसमोर गुडघे टेकून पापं सांगायची, हे लहानपणापासूनचं. सांगते ना मी — सासूशी तुसडेपणाने वागले, उपास मोडला, कुणाचं तरी वाईट चिंतलं. आणि हे? हे जिभेवर येतं आणि मी गिळून टाकते. सहा वर्षं झाली. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि आता मला हे खरंच सहन होत नाही.

दादरच्या एका कॉलेजात मी बी.एस्सी.च्या मुलांना कॉम्प्युटर शिकवते. प्रोग्रॅमिंग नव्हे, थिअरी — कुठल्या यंत्राला काय जमेल आणि काय कधीच जमणार नाही, हे कागदावर सिद्ध करायचं. मुलं या विषयाला टरकून असतात. उत्तर आलं नाही की पानंच्या पानं भरतात, मॅम कंटाळून चार मार्क देतील या आशेवर. म्हणून मी एक नियम काढला: येत नसेल तर सरळ 'मला येत नाही' असं लिहा, दहापैकी अडीच मार्क देईन. थापा मारल्यात तर शून्य. पहिल्या तासाला हे सांगताना मी प्रामाणिकपणावर छोटंसं भाषणही ठोकायचे. काय रुबाब होता माझा!

अंकिता त्या वर्षी तिसऱ्या बाकावर बसायची. वरळीच्या बीडीडी चाळीतली, वडील शिवडीला गोदामात कामाला. गृहपाठ ती वडिलांच्या गोदामातल्या जुन्या चलनांच्या कोऱ्या बाजूवर करून आणायची, आणि मी म्हटलं की पांढऱ्या कागदावर पुन्हा उतरवायची, कुरकुर न करता. पुढे एम.एस्सी.ला हाच विषय घ्यायचा, असं तिने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असं म्हणणारी ती पहिली.

पहिल्या चाचणीत मी एक प्रश्न घातला — उघडलेला प्रत्येक कंस बंद झालाय का, हे मोजकीच स्मरणशक्ती असलेल्या यंत्राला ओळखता येणार नाही, असं सिद्ध करा. मी शिकवलेली पद्धत एकच. दोन पानांची, वहीतून वहीत उतरत आलेली. अंकिताने अकरा ओळी लिहिल्या होत्या आणि त्यात त्या पद्धतीचं नावही नव्हतं. मी वाचलं. पुन्हा वाचलं. चौथ्या ओळीवरून ती पाचवीवर कशी गेली, ते मला कळेना. कळेना — बस्स, एवढंच. पण हे तेव्हा स्वतःशी तरी कबूल केलं का मी? लाल पेनाने लिहिलं, 'अंदाजपंचे.' आणि शून्य दिलं.

पेपर दाखवले त्या दिवशी ती टेबलापाशी आली. मार्क मागायला नाही. "मॅम, चुकलंय कुठे तेवढं दाखवा ना. मला सापडतच नाहीये."

चूक दाखवायला ती मला सापडायला तर हवी! मी म्हटलं, पद्धतच चुकली आहे. आणि वर — देवा! — वर हेही ऐकवलं: "येत नव्हतं तर तसं लिहायचंस. अडीच तरी मिळाले असते." मागची मुलं हसली. ती "सॉरी मॅम" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. सॉरी कशाबद्दल?

त्या रविवारी मी चर्चमध्ये मिस्साला बसले होते. फादरांचा उपदेश चालू, आणि माझ्या डोक्यात त्या अकरा ओळी. गीतांच्या कागदामागे पेन्सिलीने कंस काढू लागले — एक उघडा, दोन उघडे, तीन. यंत्राच्या स्मरणात खोल्या मोजक्याच. किती कंस उघडे आहेत त्या प्रत्येक आकड्याला वेगळी खोली हवी, आणि आकडे तर संपतच नाहीत. कधीतरी दोन आकडे एकाच खोलीत जाणार — मग कुठला कोण, हे यंत्राला कळणार कसं? चौथी ओळ, पाचवी ओळ. बरोबर होतं. सगळं बरोबर होतं, आणि माझ्या दोन पानांपेक्षा कितीतरी सरळ.

मार्कांची यादी मंगळवारपर्यंत ऑफिसात द्यायची होती. शून्याचे दहा करायला काय लागतं? एक सही. पण मग वर्गात उभं राहून सांगावं लागलं असतं, की मला कळलं नव्हतं. सोमवार गेला. मंगळवारी मी शून्यासकट यादी देऊन टाकली. विसरले नव्हते, आजारी नव्हते, वेळही होता. मी घाबरले — वीस वर्षांच्या पोरीला.

मग दुसरी चाचणी. तीन प्रश्न. पहिला तिने माझ्याच पद्धतीने, माझ्याच शब्दांत लिहिला होता, आठ मार्क. दुसऱ्याखाली लिहिलं होतं, 'मला येत नाही.' तिसऱ्याखाली, 'मला येत नाही.' सुवाच्य अक्षर, कुठे खाडाखोड नाही. आणि तो तिसरा तिला येत होता हो! महिन्याभरापूर्वी चलनामागे सोडवून तिने मलाच दाखवला होता, मीच शाबासकी दिली होती. तेव्हा तरी तिला बोलवायला काय झालं होतं मला? मी नियमाप्रमाणे अडीच आणि अडीच मांडले.

एम.एस्सी.चा फॉर्म तिने भरलाच नाही. परळला कुठल्याशा ऑफिसात डेटा भरायच्या कामाला लागली, हे नंतर तिच्या वर्गातल्या मुलांकडून कळलं.

त्या दुसऱ्या चाचणीत पास व्हायला तीसपैकी बारा हवे होते, तिला तेरा मिळाले. निकालाच्या दिवशी ती जिन्यात भेटली, हातात पेढ्यांचा पुडा. "थँक यू मॅम," म्हणाली, "तुमच्या त्या नियमामुळे वाचले मी, नाहीतर गेलेच होते."

मी पेढा घेतला, आणि तिच्यासमोर उभं राहून तो सगळा खाल्ला.