मोठा स्क्रीन

घरातला कॉम्प्युटर आता फार जुना झाला आहे. सुरू होईपर्यंत चहा उकळून होतो. एका दुपारी त्याचं झाकण काढून मी बसलो होतो. आधी रॅम वाढवावी की हार्ड डिस्क बदलावी, काही ठरेना. शेवटी सुमनला, माझ्या बायकोला विचारलं. ती घरबसल्या पुस्तकांची मुद्रितं तपासते, त्यामुळे कॉम्प्युटर खरा तिचाच.

"आधी स्क्रीन मोठा आणा," ती म्हणाली. "अक्षरं नीट दिसत नाहीत."

स्क्रीनला काहीच झालं नव्हतं. सुमनची गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही समोर बसवून सांगितलं होतं. तरी मी मोठा स्क्रीन आणला. बदलता येण्यासारखं तेवढंच होतं.

जोडणी झाल्यावर ती खुर्ची ओढून समोर बसली. स्क्रीन उजळला, तशी पुढे झुकून बराच वेळ बघत राहिली.

"आता अक्षरं किती स्पष्ट दिसतात," ती म्हणाली.

स्क्रीनवर अजून नुसता निळा रंग होता. एकही अक्षर उमटलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो, "बरं झालं आधी स्क्रीनच आणला."