भरतीरेषेजवळची खोली

आमची इमारत माहीमच्या किनाऱ्याला लागून आहे. तीन मजले, बारा बिऱ्हाडं आणि मागच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे थेट समुद्र. खाऱ्या हवेनं स्लॅबमधल्या सळ्या गंजून फुगल्या, छताचे पोपडे पडायला लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात एकदा भलामोठा तुकडा कोसळला. त्या शेजारच्या खोलीत होत्या म्हणून वाचल्या. तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की आता इमारत पाडून नवी बांधायची. सोसायटीची सेक्रेटरी मी. शाळेच्या ऑफिसात नोकरी केल्यामुळे मला अर्ज लिहिता येतात, एवढीच माझी पात्रता.

किनाऱ्यावरच्या घराला हात लावायचा तर नुसती वॉर्डाची परवानगी पुरत नाही. भरतीची रेषा कुठून जाते, तिच्यापासून आपण किती आत, समुद्राच्या बाजूला काय काय बांधलंय, हे सगळं नकाशावर दाखवावं लागतं. इमारतीपासून समुद्राच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम आल्यानंतर काही बांधलं असेल तर ते बेकायदा.

आमच्याकडे तसं एकच बांधकाम होतं, तळमजल्यावरच्या काकांची मागची खोली.

काका मालवणकडचे. परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर मिळेल ते काम करत राहिले. मोठ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा घरात जागा नव्हती म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं ती खोली उभी केली. पाडलेल्या एका गोदामाच्या विटा आणि रे रोडच्या वखारीतलं जुनं लाकूड, वर पत्रा. मी तेव्हा बारावीला होते. आमच्या घरात सहा माणसं आणि दिवसभर चालणारा रेडिओ. लग्नाला अजून वर्ष होतं. काकी मला म्हणाल्या, "हय बस गो अभ्यासाक, कोण येवचा नाय." ते पूर्ण वर्ष मी त्या खोलीत बसले. भरतीला लाटेचे शिंतोडे खिडकीतून वहीवर यायचे. काकी अकरा वाजता चहा आणून ठेवायच्या आणि न बोलता जायच्या. त्या अभ्यासावर मला पुढे नोकरी लागली.

म्हणूनच ती खोली कधी बांधली हे माझ्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं. किनाऱ्याचे नियम माझ्या बारावीच्या आधीच आले होते.

आर्किटेक्टनं फाईल तयार करताना विचारलं, "मॅडम, ही मागची खोली कधीची?"

मी म्हटलं, "जुनी आहे."

"जुनी म्हणजे? नियमाच्या आधीची की नंतरची? तुम्हाला प्रतिज्ञापत्र द्यायचंय. आधीची लिहिली आणि जुन्या हवाई फोटोत ती दिसली नाही, तर सगळ्यांची फाईल परत येईल."

त्याच आठवड्यात काका जिन्यात भेटले. पंच्याऐंशीच्या आसपासचे, काठी टेकत उभे. म्हणाले, "बाय, तू लिव्हणार ना कागद? आधीचीच हा म्हणून लिव्ह. नवीन घरात तेवढी जागा धरतील. नातवाचा लगीन हा पुढे."

मी "बघते काका" म्हटलं. त्या "बघते" या शब्दाची मला आजही लाज वाटते. मला तेव्हाच माहीत होतं की मी खोटं लिहिणार नाही. अकरा घरांचा प्रश्न होता, वहिनींच्या डोक्यावरचं छत होतं, आणि खरं सांगायचं तर माझी स्वतःची नोकरीही होती. खोटी सही पकडली गेली तर काय, या विचारानं मला झोप लागत नव्हती. पण हे त्यांच्या दारात जाऊन सांगण्याची हिंमत मला झाली नाही. चार वेळा तळमजल्यापर्यंत गेले आणि परत वर आले.

प्रतिज्ञापत्रावर मी खरं वर्ष लिहिलं आणि सही केली. मग सोसायटीची सभा झाली. सगळ्यांसमोर ते वाचून दाखवावं लागलं. मी वाचत होते, "सदर खोली नियम लागू झाल्यानंतर बांधण्यात आली असून ती काढून टाकण्यात येईल." मान वर केली तर काका माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. कुणीतरी ओळखीचं वाटावं आणि जवळ गेल्यावर भलताच माणूस निघावा, तसं. मग काठी टेकत ते उठले आणि खाली गेले. सभा पुढे चालू राहिली. पाण्याच्या टाकीचा विषय निघाला.

खोली पाडायला माणसं बोलवायचं ठरलं होतं. त्याआधीच, रविवारी सकाळी, ठोक्यांचा आवाज आला. मी खाली धावले. काका आणि त्यांचा मुलगा पत्र्याचे खिळे काढत होते. मुलगाही आता साठीला आलेला. मी म्हटलं, "काका, तुम्ही कशाला? आपण माणसं लावणार होतो ना." त्यांनी पुढचा खिळा उपटला. मी विटा उचलायला वाकले तर मुलगा हळूच म्हणाला, "ताई, राहू दे. त्यांना आवडणार नाही." मी तिथेच उभी राहिले. संध्याकाळपर्यंत फक्त जोतं उरलं.

फाईल मंजुरीला गेली. बऱ्याच महिन्यांनी शंकांचं पत्र घेऊन परत आली. मी ते पान पान वाचलं. रस्त्याची रुंदी विचारली होती, सांडपाणी कुठे जाणार ते विचारलं होतं, भरतीच्या रेषेची नव्यानं मोजणी करून आणा म्हटलं होतं. त्या खोलीबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. मी आर्किटेक्टला फोन करून विचारलं, खोली आधीची लिहिली असती तर त्यांनी विचारलं असतं का? तो म्हणाला, "विचारलं असतंच असं नाही मॅडम. नसतं विचारलं असंही नाही." मी फोन ठेवला.

त्या दिवशी मात्र मी काकांच्या दारात गेले. पत्र हातात होतं. सगळं सांगितलं, खोलीबद्दल कुणी काही विचारलं नाही तेही. काकी आतून ऐकत होत्या.

मी म्हटलं, "काका, माझं चुकलं."

त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "खरा लिव्हलंस ता बरोबर केलंस. मी तुका खोटा लिव्हूक सांगलंय, ती माझी चूक. पण बाय, चार लोकांत वाचण्याआधी माका एकट्याक सांगूक होया होता. मी काय तुका खाल्लं असतं?"

काकींनी चहा आणला. तो थंड होईपर्यंत मी तिथे बसून होते.

फाईल अजून कुठल्यातरी टेबलावर आहे. मोजणी झाली, नकाशा बदलला, पुन्हा अर्ज केला. वहिनींनी छताला टेकू लावून घेतलाय. आता कुठलंही पत्र पाठवण्याआधी मी ते बाराही घरांत नेऊन वाचून दाखवते. काकांच्या दारातही जाते. ते दार उघडतात, उभ्या उभ्या सगळं ऐकतात, मान हलवतात. "आत ये" असं मात्र म्हणत नाहीत.